दोन कुलपांची खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. माझ्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातलाय आणि मांडीवर कपड्यांच्या चिमट्यांचं टोपलं ठेवलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या या बाल्कनीत मला ऊन भरपूर मिळतं, वारा मिळतो. तक्रार करायला तशी जागा नाही. पण माझा जन्म टॉवेल वाळवण्यासाठी झाला नव्हता, एवढं मला अजून आठवतं.

पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात मी तयार झाले. नळ्या वाकवणारा कारागीर अबोल होता. नळी वाकवली की तो एक डोळा मिटून तिच्याकडे बघायचा आणि बाक पसंत पडला नाही तर शिवी हासडून ती कोपऱ्यात भिरकवायचा. माझ्या वेळी त्याने शिवी दिली नाही. चाकं बसली, निळ्या रेक्झिनची बैठक ताणून बसवली. मग तो स्वतः माझ्यात बसला, दोन्ही ब्रेक लावले आणि डबा उघडून शांतपणे जेवला. "हलत नाही," हात धुताना तो म्हणाला. तीच माझी परीक्षा आणि तोच माझा निकाल.

दुकानात माझ्या एका बाजूला कुबड्या होत्या. माणसांची पहिली ओळख मला तिथे झाली. इतर दुकानांत लोक खुर्चीवर बसून बघतात, मागे रेलून बघतात, पाय लांब करतात. माझ्याकडे यायचे ते मात्र तोंड दुसरीकडे करून. एका बोटाने ढकलून बघायचे, "ठीक आहे" म्हणायचे, पण बसायचं कुणी नाही. जणू बसलं की आपल्यालाही चिकटेल.

सर मात्र बसले.

ते शाळेत खेळाचे शिक्षक होते. उंच, रुंद खांद्यांचे, गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी. ते माझ्यात बसले, हाताने चाकं फिरवून दुकानात एक गिरकी घेतली, कुबड्यांना धडकता धडकता थांबले आणि हसले.

"कुणासाठी न्यायचीय सर?" दुकानदाराने विचारलं.

"सगळ्यांसाठी," सर म्हणाले.

दुकानदाराला ते कळलं नाही. मलाही नाही. घरी जाताना सर मला ढकलत ढकलत चालले होते आणि त्यांच्या शेजारून चालणारा कुणी ओळखीचा पुन्हा तेच विचारत होता, तेव्हा सगळी हकीकत मला समजली. त्यांच्या इमारतीतल्या एका आजींना दवाखान्यात न्यायचं होतं. लिफ्टने खाली येईपर्यंत ठीक झालं, पण पुढे गेटपर्यंत त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेताना खुर्चीचा पाय मोडला. आजी पायरीवर बसल्या आणि लाजेने हसत राहिल्या. "त्या रडल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं," सर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारोदार फिरून सगळ्यांना माझ्यासाठी तयार केलं.

इमारतीला दोन जिने होते, दोन्हींना लिफ्ट होती. उजव्या जिन्याचे लोक आणि डाव्या जिन्याचे लोक. गेट एक, पाण्याची टाकी एक, छप्परही एकच. पण बोलताना "ते डावीकडचे" असं म्हणायचे, जणू मध्ये नदी आहे आणि पूल वाहून गेलाय. त्या सगळ्यांनी मिळून मला घेतलं, हे त्या इमारतीतलं आश्चर्यच होतं. सरांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने, मुलांच्या मैदानावर रेघा आखतात तशा ठळक अक्षरांत लिहिलं: सर्वांची. अक्षर काही खास नव्हतं, पण ते लिहिताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

माझी जागा ठरली. दोन जिन्यांच्या मधल्या बोळात, सरांच्या घराच्या खिडकीसमोर. सर आणि त्यांच्या पत्नी तळमजल्यावर राहत. त्यांना सगळे काकू म्हणत, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. नियम साधा होता. लागेल त्याने न्यावी, काम झालं की पुसून जागेवर ठेवावी. दर रविवारी सर सायकलचा पंप घेऊन यायचे आणि माझ्या चाकांत हवा भरायचे.

"बायकोची चौकशी कधी इतकी केली नाहीत," काकू खिडकीतून म्हणायच्या.

"तू बसत नाहीस ना हिच्यात. देव करो आणि कधी न बसो."

ते दिवस चांगले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा माझ्यातून आले, बाळंतपणाला निघालेली सून माझ्यातून गेली. मी एक गोष्ट पाहिली. माणूस माझ्यात बसला की लोक त्याच्याशी बोलायचं सोडून मागच्याशी बोलतात. "जेवतात का?" असं ढकलणाऱ्याला विचारतात, आणि बसलेला तर दोन हातांच्या अंतरावर असतो. सर तसं करत नसत. ते समोर येऊन, गुडघ्यावर टेकून, बसलेल्याच्या डोळ्यांत बघून विचारायचे.

मग एका सकाळी सर शाळेच्या मैदानावर पडले. मुलं रांगेत उभी होती, शिट्टी तोंडात होती, आणि ती वाजलीच नाही. मुलांना वाटलं, सर गंमत करतायत. रांग मोडून पुढे यायचं नाही असं त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मुलं बराच वेळ रांगेतच उभी राहिली.

सर घरी आले तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं होतं. हात, पाय, ओठाचा कोपरा. बोलणं तुटक झालं होतं. दवाखान्याच्या बिलांनी घर धुऊन नेलं होतं. काकू पहिल्यांदा मला सरांसाठी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरचं अक्षर पदराने पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

त्याच रस्त्याच्या टोकाला दवाखाना होता आणि तिथे फिजिओथेरपीचा मोठा हॉल होता. तिथे व्यायाम करून घेणारी मुलगी वयाने लहान होती, पण बोलायला स्पष्ट. तिने काकूंना बाजूला घेतलं नाही. सरांसमोरच सांगितलं.

"सर, पहिले काही महिने अंग शिकायला तयार असतं. या महिन्यांत रोज आलात तर चालाल. खंड पडला तर अंग हट्टी होतं. मग मीही काही करू शकणार नाही."

"विद्यार्थी... हजर," सर म्हणाले.

"आणि ही शिट्टी फुंकायची. रोज. ओठांचा व्यायाम."

त्यांनी डाव्या हाताने शिट्टी तोंडाला लावली. नुसती हवा गेली. कोपऱ्यातून लाळ आली. काकूंनी ती पुसली आणि काहीतरी दुसरंच बोलायला सुरुवात केली.

सर मोठ्या अंगाचे होते. त्यांना गाडीत बसवायचं म्हणजे दोन धडधाकट पुरुष लागायचे आणि ते रोज कुठून आणायचे? म्हणून मीच. रोज सकाळी काकू मला आत घ्यायच्या, पलंगाला टेकवायच्या, ब्रेक लावायच्या. सर काकूंच्या खांद्याला धरून माझ्यात यायचे. मग आम्ही तिघं फुटपाथच्या कडेने निघायचो. हॉलमध्ये दोन समांतर दांड्या होत्या. काही आठवड्यांनी सर त्या दांड्यांमध्ये उभे राहिले. मग एक दिवस उजवा पाय हलला. उचलला गेला नाही, फरफटला. पण पुढे गेला. ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी माझी मूठ इतकी घट्ट धरली की रबर वाकडं झालं. ते अजून वाकडंच आहे.

तेव्हापासून आमचं रोजचं जाणं इमारतीच्या डोळ्यावर यायला लागलं.

उजव्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी राहत. इमारतीचे सेक्रेटरी, बोलण्यात मऊ, चेहऱ्यावर कायम काळजी. डाव्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक बाई घरातच ब्युटी पार्लर चालवायची. तिला सगळे पार्लरवाली म्हणत.

"रोजच नेता का हो काकू?" सेक्रेटरींनी एकदा गेटपाशी हसत हसत विचारलं.

"हो ना. डॉक्टरांनी रोज सांगितलंय."

"न्या, न्या. सगळ्यांचीच आहे. मी आपलं विचारलं."

त्यानंतर 'सगळ्यांची' हा शब्द मी रोज ऐकू लागले. पूर्वी तो द्यायच्या वेळी वापरत. आता तो घ्यायच्या वेळी वापरू लागले. पार्लरवाली मला वर घेऊन गेली, कारण माझी पाठ गिऱ्हाइकाचे केस धुवायला बेसिनच्या बरोबर उंचीची होती. सेक्रेटरींच्या घरचा गॅसचा सिलिंडर माझ्यातून आला, मग धान्याची पोती आली, मग नव्या कपाटाची दारं आली. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला थोडाच वेळ हवी होते मी. पण सकाळी काकू सरांना शर्ट घालून, भांग पाडून तयार ठेवत आणि बोळात येऊन बघत तर मी जागेवर नसे. मी दुसऱ्या मजल्यावर असे, आणि माझ्या मानेवरून शाम्पूचं पाणी ओघळत असे.

"अगं, गिऱ्हाईक बसलंय काकू. एवढे केस वाळले की लगेच देते," पार्लरवाली वरून म्हणायची. खोटं बोलत नव्हती. केस वाळले की खरंच द्यायची. पण तोवर हॉलमधली सरांची वेळ दुसऱ्या पेशंटला गेलेली असायची.

एका संध्याकाळी काकूंनी मला घरात घेतलं आणि पलंगाच्या पलीकडे, भिंतीला लावून ठेवलं. वर चादर टाकली.

सरांनी मान वळवून बघितलं. "हे... काय?"

"खुर्ची."

"बाहेर ठेव."

"उद्या सकाळी पुन्हा गायब होईल. आज चौथ्यांदा तुमची सुट्टी झाली. काल गुडघा सरळ होत नव्हता, बघितलंत ना?"

"सगळ्यांची... आहे."

"आणि तुम्ही कुणाचे?" काकू म्हणाल्या. "अहो, आपण सगळ्यांत नाही का?"

सरांनी पुन्हा मान वळवून चादरीकडे बघितलं. मग डाव्या हाताने त्यांनी चादर ओढली. ती निम्मीच निघाली, उरलेली काकूंनी काढली आणि मला बाहेर नेऊन ठेवलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "जा बाई. तुझ्या मालकाला नियम हवाय." त्या माझ्याशी बोलल्या ती तेवढीच वेळ.

त्याच आठवड्यात माझा पाय ठेवायचा पत्रा तुटला. तो सिलिंडरखाली तुटला हे मला माहीत आहे, पण मला कोण विचारतो? उजवीकडचे म्हणाले, डावीकडच्यांनी तोडला. डावीकडचे म्हणाले, उजवीकडचे तिला हातगाडीसारखी वापरतात. भांडण वाढलं आणि मीटिंग ठरली.

मीटिंग बोळातच भरवली, सरांनाही भाग घेता यावा म्हणून. काकूंनी सरांना माझ्यातच बसवून बाहेर आणलं. म्हणजे माझ्याबद्दल चर्चा, आणि सर माझ्यात. माझा तुटलेला पत्रा काकूंनी कापडी पट्टीने बांधला होता, त्यावर सरांचा पाय ठेवला होता.

बोलणं खूप झालं. डावीकडच्यांचा उजवीकडच्यांवर विश्वास नव्हता आणि उलट. शेवटी सेक्रेटरींनी दोन्ही हात वर केले.

"माझं ऐका. खुर्ची साखळीने बांधू. साखळीला दोन कुलपं. एकाची किल्ली उजवीकडे, माझ्याकडे. दुसऱ्याची डावीकडे, मॅडमकडे." त्यांनी पार्लरवालीकडे बघितलं. "दोन्ही किल्ल्या आल्याशिवाय खुर्ची सुटणार नाही. म्हणजे कुणीच एकट्याने पळवू शकणार नाही. ना आम्ही, ना तुम्ही."

लोकांना ते फार आवडलं. इतकं आवडलं की पहिल्यांदाच दोन्ही जिन्यांनी एकदम मान डोलावली.

"आणि आम्हाला रोज सकाळी लागते त्याचं काय?" काकूंनी विचारलं.

"मागायची हो काकू. आम्ही काय परके आहोत? बेल वाजवा, किल्ली घ्या."

"सरांचं मत घ्या," मागून कुणी म्हणालं. "त्यांनीच तर आणली होती."

सगळे सरांकडे बघू लागले. मला त्यांचा डावा दंड माझ्या हातावरून उचलला जाताना जाणवला. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता; तो हात त्यांना दाबत होता. तरी सरांचा हात वर गेला. सरळ, शाळेत हजेरीला जातो तसा.

"नियम असला... की भांडण... नाही," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी साखळी आणि कुलपं आधीच आणून ठेवली होती, पिशवीतून काढली. मग सगळे थांबले, कारण साखळी बांधायची तर मी रिकामी हवी होते.

"सर," सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, "जरा उठता का?"

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. थोडे लोक हसले, थोडे खाली बघू लागले. मग चौघांनी सरांना उचललं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं. साखळी माझ्या चाकांतून, मग पाण्याच्या पाइपमागून गेली. एक कुलूप लागलं, दुसरं लागलं. ते आवाज छान होते, नव्या वस्तूचे असतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उजव्या जिन्याने वर गेल्या.

"देतो ना," सेक्रेटरी म्हणाले. "पण आधी डावीकडची किल्ली आणा. मी आधी दिली आणि माझं कुलूप उघडं राहिलं, तर ते म्हणतील उजवीकडच्यांनी सोडून ठेवलं."

काकू उतरल्या. डाव्या जिन्याने चढल्या.

"मी नाही म्हणत नाही काकू," पार्लरवाली केसांना रंग लावता लावता म्हणाली. "पण आधी त्यांची आणा. त्यांच्याकडून आली की मी लगेच देते. नाहीतर हे लोक माझ्यावर ढकलतील, तुम्ही ओळखत नाही का त्यांना?"

काकू पुन्हा उतरल्या. पुन्हा चढल्या. त्या दिवशी शेवटी दोघांनाही एकाच वेळी खाली यायला लावलं, तेव्हा मी सुटले. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकदम किल्ल्या फिरवल्या. हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा ती मुलगी दुसऱ्या कुणाचा पाय वाकवत होती. "उद्या वेळेवर या हं," तिने लांबूनच सांगितलं.

मग रोज हेच. कधी सेक्रेटरी फिरायला गेलेले, कधी पार्लरवाली झोपलेली. कधी दोघं घरी, पण आदल्या दिवशी पाण्यावरून भांडलेले, म्हणून खाली यायला तयार नाहीत. नियम मात्र कुणी मोडला नाही, हे मी सांगायलाच हवं. इतका काटेकोर पाळलेला नियम त्या इमारतीत दुसरा नव्हता. मला कुणी सिलिंडरला नेलं नाही, केस धुवायला नेलं नाही. सगळ्यांना मी सारखीच मिळत नव्हते.

सरांचा पलंग खिडकीला लागून होता. मी खिडकीसमोर. ते दिवसभर माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. त्यांचा उजवा पाय हळूहळू आत वळायला लागला, जसं पान वाळताना वळतं. शिट्टी फुंकायचे. हवा जायची.

मग सेक्रेटरी सहकुटुंब लांब प्रवासाला गेले. किल्ली त्यांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती आणि जुडगा खिशात.

काकूंनी फोन केला. बोळात उभ्या राहून, माझ्या पाठीवर हात ठेवून बोलत होत्या, म्हणून मला पलीकडचंही ऐकू आलं.

"कुलूप तोडू का?"

"काकू, माझी काहीच हरकत नाही हो. पण सगळ्यांची वस्तू आहे. मी एकट्याने कसं सांगू तोडा म्हणून? आलो की मीटिंग घेऊ."

फोन ठेवून काकू आत गेल्या. खिडकी उघडी होती.

"शेजारच्या दुकानातून करवत आणते. तोडते. होऊ दे काय व्हायचं ते."

"नाही."

"अहो, ती मुलगी काय म्हणाली होती? महिने संपत आले."

"रांग... मोडायची... नाही."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्या कधी चढ्या आवाजात बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "रांग कुठाय?" त्या म्हणाल्या. "सगळे कधीच पुढे निघून गेले. त्या रांगेत तुम्ही एकटेच उभे आहात." आणि 'उभे' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी पदर तोंडावर धरला.

सरांनी डोळे मिटले. तेव्हाही ते नाहीच म्हणाले. आणि काकूंनी तेव्हाही ऐकलं. या दोघांचा मला कधी कधी फार राग येतो.

सेक्रेटरी परत यायच्या आधी ती मुलगी स्वतःच घरी आली. सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत. तिने सरांचा गुडघा धरला, घोटा फिरवून बघितला, तळव्यावर नख ओढलं. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं, जणू चुकून काही राहिलं असेल. खिडकीतून मला तिची फक्त पाठ दिसत होती.

"चहा टाकू?" काकूंनी विचारलं.

"नको काकू." ती उठली. "पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज कुशीवर वळवत जा. तेल लावा."

"आणि चालण्याचं?"

ती मुलगी बोलायला स्पष्ट होती, असं मी म्हटलं ना. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. जाताना तिने बोळात थांबून माझ्याकडे, माझ्या साखळीकडे आणि पाठीवरच्या अक्षरांकडे बघितलं. मग पर्स खांद्याला लावली आणि गेली. पुन्हा आली नाही.

त्यानंतर काकूंनी किल्ल्या मागणं बंद केलं. "काकू हल्ली त्रास देत नाहीत," असं पार्लरवाली कुणालातरी कौतुकाने म्हणाली.

बरेच दिवस गेले. कुलपांवर गंज चढला. कोळ्यांनी माझ्या चाकांत घर केलं. मग एके दिवशी दुपारी गेटपाशी आरडाओरडा झाला. सेक्रेटरी बॅडमिंटन खेळून येत होते, पायरीवर घोटा मुरगळला. फार नाही, सूज आली होती. ते पायरीवर बसून "आई गं" करत होते आणि त्यांचा मेहुणा एक्स-रे काढायला घाई करत होता.

"खुर्ची सोडा," सेक्रेटरी म्हणाले. आपली किल्ली त्यांनी लगेच काढून दिली. ते कुलूप उघडलं. दुसऱ्याची किल्ली डावीकडे, आणि पार्लरवाली नवरीच्या मेकअपला बाहेरगावी गेलेली.

कुणीतरी तिला फोन लावू लागलं.

"फोन काय लावताय? माणूस इथे मरतोय," सेक्रेटरी म्हणाले. "करवत आणा. इमर्जन्सी आहे."

मीटिंग झाली नाही. कुणी कुणाला विचारलं नाही. शेजारच्या दुकानातून करवत आली, काकू आणणार होत्या त्याच दुकानातून. मेहुणा साखळीवर करवत चालवू लागला, पण साखळी हलायची आणि पातं घसरायचं. एकदा ते माझ्या चाकावरही घासलं. "कुणीतरी धरा रे," तो म्हणाला. जमलेल्या माणसांनी आपापले स्वच्छ हात बघितले.

खिडकीतून सर हे सगळं बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली.

"जा," ते काकूंना म्हणाले. "धर."

काकू हलल्या नाहीत.

"दुखतंय... त्याला. जा."

काकू बाहेर आल्या. खाली बसल्या, दोन्ही हातांनी साखळी धरली आणि ताणली. आता करवत नीट चालू लागली. लोखंडाचा कीस त्यांच्या मनगटावर पडत होता, बांगड्यांवर, पदरावर. त्यांनी वर बघितलं नाही. कडी तुटायला फारसा वेळ लागला नाही. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जायच्या आत परत जाता आलं असतं, तेवढाच.

सेक्रेटरींना माझ्यात बसवलं. ते निश्चिंत रेलले, पाय पत्र्यावर ठेवला. कापडी पट्टी अजून तशीच होती. मग त्यांना काकू दिसल्या, हातावरचा कीस झटकताना. त्यांचं मन भरून आलं. खरंच भरून आलं, मी त्यांच्या पाठीला लागून होते, मला कळलं.

"बघा काकू," ते म्हणाले, "गरज पडली की आपली माणसं कशी धावून येतात."

तेव्हा खिडकीतून शिट्टी वाजली.

एकदाच, पण खणखणीत, मैदानभर जाईल अशी. चूक झाली, खेळ थांबवा, असं सांगणारी. इतके महिने नुसती हवा जात होती ती त्या दिवशी वाजली. सगळे दचकले. काकू तर जागच्या जागी थिजल्या.

सेक्रेटरींनी खिडकीकडे बघून हात हलवला. "अरे वा. सरांची शिट्टी वाजायला लागली. बरे होतायत म्हणजे." आणि मेहुण्याला म्हणाले, "चल."

मेहुण्याने मला ढकललं आणि आम्ही निघालो. खेळ थांबला नाही.

घोटा आठवड्यात बरा झाला. मला मात्र त्यांनी खाली नेलं नाही. "खाली ठेवली की लोक वापरतात," असं सेक्रेटरी बायकोला म्हणाले. त्यात काही काळंबेरं नव्हतं. माझ्या काळजीनेच म्हणाले. म्हणून मी इथे बाल्कनीत आहे. हवा गेलेल्या चाकांवर. रविवारी कुणी पंप घेऊन येत नाही.

इथून मला तळमजल्याची ती खिडकी दिसते. आता ती बंद असते. बोळात मी दिसायची, तिथे आता नुसता पाइप आहे, आणि त्याकडे बघत पडून राहण्यात काय अर्थ, म्हणून काकूंनीच लावून घेतली असेल. सकाळी त्या बाहेर येतात, सरांच्या चादरी झटकतात, एकदा वर बघतात. मी दिसत असेन त्यांना. पाठीवरचं अक्षर नाही दिसणार. त्यावर टॉवेल असतो.

मला आता कुणाकडून काही नको. पण तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत माझी एखादी बहीण असेल. तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचून हरखू नका. आधी तिचं कुलूप बघा, मग किल्ली कुणाच्या खिशात आहे ते बघा. आणि मीटिंगमध्ये कुणी हात वर करून नियमाला होकार देत असेल, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याचा पाय बघा.

टॉवेल वाळला. बाल्कनीचं दार उघडतंय. आता हा काढतील आणि दुसरा ओला घालतील. निरोप घेते, त्याच्याखाली बोललेलं कुणाला ऐकू जात नाही.